समुद्रावर उभा केलेला गडी

कारखाना सुरू असला की आमच्या कॉलनीत लाईट जात नसे. नगर जिल्ह्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला हे थापा मारल्यासारखं वाटेल, पण खरं आहे. कोल्हारच्या पेठेत दुकानदार मेणबत्त्या लावून गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे, नदीपलीकडच्या वस्त्या काळ्याठिक्कर पडायच्या, आणि आम्ही कॉलनीवाले मात्र न्हाणीतलासुद्धा दिवा चालू ठेवून मिजाशीत हिंडायचो. कारण आमची लाईट बोर्डाची नव्हती. रस निघालेल्या उसाची चिपाडं बॉयलरमध्ये जळायची, त्या वाफेवर टर्बाइन फिरायचं, आणि त्याची लाईट आधी कारखान्याला आणि मग आम्हाला. हे टर्बाइन ज्या पॉवरहाउसात होतं तिथं माझे पप्पा कामाला होते. लहानपणी मला वाटायचं की कॉलनीला लाईट पप्पाच देतात, आणि वर्गात मी तसं सांगतही असे. गुरुजींनी एकदा सगळ्यांसमोर ते खोडून काढलं, तरी मी मनातून ऐकलं नाही.

या श्रीमंतीचा भुर्दंडही होता. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर धुराड्याची काजळी पडायची. पांढरी ओढणी घेऊन चर्चला जाणारी कॉलनीतली मुलगी ओळखायची तर ओढणीवरच्या काळ्या ठिपक्यांवरून ओळखावी. मळीचा आंबूस वास भाकरीला, उशीला, वह्यांना लागलेला असायचा. पाळी बदलताना भोंगा व्हायचा, आणि दिवसभर गेटाबाहेर बैलगाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, ऊसतोडीच्या बायकांची आपसातली भांडणं. या सगळ्याच्या खाली कारखान्याची घरघर असायची. ती ऐकू येत नसे, इतकी ती कायमची होती. आजही कुठं गूळ करपल्याचा वास आला की मी मान वर करून धुराडं शोधते, आणि बरोबरची माणसं विचारतात, काय बघतेस?

मी सांगतेय त्या वर्षी आई घरात नव्हती. ती नर्स होती. मस्कतच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. बेलापूरला घेतलेल्या जागेवर घर बांधायचं होतं, आणि काँट्रॅक्ट काय, बघता बघता सरेल, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. सगळ्यांनी म्हणजे मोठ्यांनी. मी तेव्हा नववीत होते, म्हणजे समजण्याइतकी मोठी होते आणि विचारण्याइतकी नव्हते. घरात मी आणि पप्पा उरलो. भिंतीपलीकडे मंदाकाकू होत्या. त्यांचे यजमान साखरेच्या खात्यात होते. आमच्या घरात बाईमाणूस नाही म्हणून लक्ष ठेवायची जबाबदारी काकूंनी आपणहून घेतली होती. त्यांचं लक्ष म्हणजे दारातून आत डोकावून, "काय गं एस्तेर, केस इंचरले न्हाईस आज," एवढं बोलून निघून जाणं.

पप्पा तिसगावकडचे. त्यांना स्वयंपाकातला एकच पदार्थ यायचा, शेंगोळे. हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून मळायचं, त्याची वेटोळी वळायची आणि उकळत्या रश्शात सोडायची. पप्पांची वेटोळी बोटाएवढी जाड व्हायची आणि आतून कच्ची राहायची. भाकऱ्या मी थापायची, त्याही धड नसायच्या. म्हणजे उपास घडत नव्हता एवढंच. जेवताना आमचं बोलणं असं व्हायचं:

"शाळा?"

"झाली."

"अभ्यास?"

"चालू आहे."

"मीठ?"

"बरंय."

मग ताटं. पप्पा रागीट नव्हते, प्रेमळच होते, पण बोलायचं खातं आईकडे होतं. ती घरात असताना दिवसभर बोलायची, आमच्याशी, काकूंशी, दूधवाल्याशी, कुणी नसलं तर चुलीवरच्या भांड्याशी. ती गेली तेव्हा लक्षात आलं की आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललोच नव्हतो. आम्ही दोघंही तिच्याशी बोलायचो आणि ती इकडचं तिकडे पोहोचवायची.

नाताळाला आई रजेवर आली. तिच्या बॅगेतून खजूर निघाले, वासाचे साबण निघाले, आणि टॉवेलात गुंडाळलेला एक राखाडी डबा निघाला. तिच्या वॉर्डातल्या एका फिलिपिनो सिस्टरचा मुलगा मोठा झाला होता, त्याचा हा टीव्हीवर खेळायचा गेम. सोबत दोन रिमोट आणि एकच कॅसेट. व्हिडिओ गेम मी श्रीरामपूरला मामाकडे पाहिला होता, त्यात माणूस उड्या मारत उजवीकडे पळायचा आणि मरायचा. हा तसला नव्हता. आणि त्याची सगळी अक्षरं जपानी होती. डब्याबरोबरचा चार्जरसारखा ठोकळा आपल्या लाईटीवर चालणारा नव्हता. पप्पांनी तो उलटापालटा करून पाहिला, पॉवरहाउसातून एक जुना ट्रान्सफॉर्मर आणला आणि एका दुपारात स्वतःचा एलिमिनेटर बनवला. टीव्हीच्या मागं बराच वेळ खुडबुड करून चित्रही आणलं. आमचा टीव्ही काळा-पांढरा, तेव्हा ते सगळं राज्य आम्हाला काळं-पांढरं दिसलं. गवत राखाडी, महाल राखाडी, आणि ज्याच्यावर नागमोडी रेघा हलतात ते पाणी. खरे रंग काय होते ते मला आजतागायत माहीत नाही, आणि आता कळूनही घ्यायचं नाही.

त्यात एक बारका गडी होता. त्याच्या पाठीला तलवार. सुरुवातीला त्याचं नाव घालायचं होतं, तर आईनं त्या जपानी अक्षरांतून चार निवडली. "हे विळ्यासारखं आहे, हे घे. हे पळीसारखं आहे." त्याचं नाव काय झालं देव जाणे, आम्ही त्याला गडीच म्हणायचो. हा गडी कुठंही जाऊ शकायचा. आधी मला ते उमगेचना. मी विचारलं, "पण जायचं कुठं?" आई म्हणाली, "तुला वाटेल तिकडं. कोण अडवतंय?" डोंगर होते, जंगलं होती, भुयारं होती. जंगलात राक्षस अंगावर यायचे. लांबलांब गावं होती आणि प्रत्येक गावात बारकी माणसं फिरायची. त्यांच्यासमोर उभं राहिलं की ती बोलायची, आणि त्यातलं एक अक्षर आम्हाला कळायचं नाही. आई त्यांच्या वतीनं बोलायची. "ही बाई म्हणतेय, माझं शेरडू दिसलं का? हा म्हणतोय, तुझ्या पायांत चप्पल का नाही?" हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. पप्पा मागं खाटेवर बसून बघायचे.

एका गावात चर्चसारखी इमारत होती. आत एक दाढीवाला बाबा. आई त्याला आमच्या चर्चच्या धर्मगुरूंसारखं पाळकसाहेब म्हणायची. तो लांबलचक काहीतरी बोलून झाल्यावर प्रश्न विचारायचा, आणि पडद्यावर दोन शब्द यायचे, एक वर आणि एक खाली.

"वरचं 'हो' असणार," मी म्हटलं.

"मग खालचं दाब."

"का?"

"न समजता हो म्हणायचं नाही, एस्तू. मस्कतला पहिल्या आठवड्यात हेच शिकले. पेशंटचा माणूस अरबीत काहीतरी विचारतो, आपण भिडेखातर मान डोलावतो आणि मग निस्तरत बसतो. नाही म्हटलं तर फार तर चिडतील."

म्हणून तो बाबा जिथं भेटेल तिथं आम्ही त्याला नाहीच म्हटलं. परवा माझ्या मुलाला मी हे सांगितलं, तर त्यानं डोक्याला हात लावला. "आई, तो सेव्ह करू का विचारत होता!" म्हणजे हो म्हटलं असतं तर झालेला प्रवास कॅसेटीत राहिला असता, आणि हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की डबा बंद केला की गडी पुन्हा पहिल्या गावात, कोऱ्या पाटीसारखा. पहिले काही दिवस आम्ही रोज मुळापासून खेळलो. मग पप्पाच खाटेवरून म्हणाले, "बंद कशाला करताय? टीव्ही तेवढा बंद करा. डबा राहू द्या चालू. लाईट काय जाणार हाय का आपली?"

हे शहाणपण फक्त आमच्याच कॉलनीत सुचू शकतं. बाकी जिल्ह्यात कुणी असं म्हणालं असतं तर त्याला येड्यात काढलं असतं. तेव्हापासून डबा चालूच राहिला. त्याच्या पुढच्या बाजूला एक लाल ठिपका जळत असायचा. रात्रंदिवस चालू राहिल्यानं गडी लांब लांब जायला लागला, आणि आईची रजा संपायच्या सुमारास आम्ही समुद्रावर पोहोचलो. किनाऱ्याला एक होडी होती, तिच्यापाशी एक नावाडी. त्यानंही काहीतरी विचारलं, वर एक शब्द, खाली एक शब्द. आईनं खालचा दाबला. एवढ्यात तिला न्यायला आलेल्या जीपचा हॉर्न वाजला. काकू दारात आल्या, पप्पांनी बॅग उचलली. आईनं रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "याला इथंच राहू दे. मे महिन्यात मी कायमची येते, मग होडीत बसू आपण दोघी." मी टीव्ही बंद केला आणि तिला सोडायला मनमाड रस्त्यापर्यंत गेले.

आई गेल्यावर घर किती मोठं झालं ते सांगता येत नाही. दोन खोल्यांचंच क्वार्टर. शाळेतून आले की कुलूप काढायचं, आणि आत तो लाल ठिपका. बस, तोच एक जागा असायचा. मी दप्तर टाकायची, टीव्ही लावायची आणि गडी घेऊन निघायची. मला आता गावं पाठ झाली होती. ज्या बाईचं शेरडू हरवलं होतं ती तिथंच फिरत असायची. तिच्यासमोर जाऊन मी तिचं बोलणं मोठ्यानं म्हणायची, आईच्या आवाजात. रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज ऐकला की रडूच यायचं, मग मी ते बंद केलं आणि नुसती चालत राहिले. मैत्रिणी नव्हत्या असं नाही, पण त्यांना सांगणार काय? त्यांच्या आया घरी होत्या. पप्पांना सांगणार तर त्यांचं मीठ आणि अभ्यास. मी एकटी होते, फार एकटी होते, आणि हे कुणाच्या लक्षातही येऊ नये म्हणून मी परीक्षेत चांगले मार्क पाडत होते. संध्याकाळी टीव्ही बंद करण्याआधी मात्र, गडी कुठंही असो, मी त्याला परत समुद्रावर आणायची. होडीशेजारी, आईनं उभा केला होता अगदी तिथं. वाटेत राक्षस फार भेटायचे, त्यात वेळ जायचा, पण जेवण करपलं तरी हे चुकायचं नाही.

डबा तापायचा. मी त्याच्याखाली ओल्या फडक्याची घडी ठेवायची आणि ती सकाळ-संध्याकाळ बदलायची. काकू म्हणायच्या, "तान्ह्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवाव्यात तसं चाललंय हिचं. पेटंल एक दिवस." पालथ्या घड्यावर पाणी.

एके दिवशी शाळेतून आले, टीव्ही लावला, आणि गडी समुद्रावर नव्हता. तो भलत्याच गावात, एका घरासमोर, भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी तरातरा काकूंकडे गेले आणि त्यांच्या मुलानं हात लावला का विचारलं. काकू म्हणाल्या, "माजं पोरगं सकाळधरनं शाळंत हाय. तुज्या बापाला इचार की. रातपाळी करून आल्यावर झोपत न्हाई तो. टीव्हीचा आवाज येतो मला भिंतीतून."

पप्पा परसात सायकल पुसत होते. मी विचारलं. त्यांनी फडकं पिळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं.

"तू यायच्या आत परत नेऊन ठिवायचो मी समुद्रावर," ते म्हणाले. "आज वाट सापडली न्हाई."

"म्हणजे रोज?"

"रोज न्हाई. रातपाळी असली की. झोप लागत न्हाई मग." फडकं सायकलच्या दांडीवर टाकून म्हणाले, "ती म्हातारी हाय ना, शेरडू हरवलेली. तिच्यापुढं जाऊन उभा राहतो. तुजी आई कशी बोलायची ते आठवत बसतो."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडणार कशी? आमच्या घरात एकच लाल ठिपका होता आणि त्याच्यापुढं आम्ही दोघं पाळीपाळीनं बसत होतो, एकमेकांना चुकवून. अळीमिळी गुपचिळी. मी म्हटलं, "म्हातारी नाही ती, बाई आहे." पप्पा म्हणाले, "असंल." त्या संध्याकाळी मी त्यांना भुयारातून समुद्राकडे जायची जवळची वाट दाखवली.

त्या वर्षी ऊस कमी होता. मार्च सरताना गेटावरची रांग आखूड झाली, ऊसतोडीच्या लोकांनी कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, मोडायला सुरुवात केली. बाकी कॉलनी खूश होती, कारण पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की सगळ्यांना निवांतपण. मला मात्र घास जाईना. पट्टा पडला की बॉयलर थंड, टर्बाइन बंद, आणि कॉलनी बोर्डाच्या लाईटीवर. इकडची तोडून तिकडची जोडायला वेळ लागायचा, तेवढ्या वेळात गडी संपला असता. मे महिना अजून लांब होता.

"पप्पा, टर्बाइन बंद कोण करतं?" माहीत असून मी विचारलं.

"मीच. यंदा माजी पाळी हाय."

"नाही केलं तर?"

पप्पा हसले नाहीत. "वाफच नसंल तर काय करू, एस्तू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोल्हारहून बॅटरीचे सहा मोठे सेल आणले. बांबूची एक कांब मधोमध चिरली, त्यात सेल एकापुढं एक ठेवले, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधले आणि दोन्ही टोकांना वायरी काढल्या. आता खरी मेख अशी होती की पट्टा पडताना ते पॉवरहाउसात असणार, म्हणजे हे मलाच जोडावं लागणार. चुकून एक क्षण जरी तुटलं तरी गेलं. म्हणून डब्याला हात न लावता त्यांनी जुन्या रेडिओवर माझा सराव घेतला. रेडिओ बोलत असताना सेल जोडायचे, मग लाईटीची वायर काढायची, आणि बातम्या देणाऱ्याचा आवाज तुटता कामा नये. "आधी जोडायचं, मग सोडायचं. आधी सोडायचं न्हाई," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आम्ही संबंध वर्षात बोललो नसू इतकं त्या दोन संध्याकाळी बोललो, आणि सगळं वायरींविषयी.

पट्टा पडतो त्या दिवशी उसाची शेवटची गाडी सजवतात. बैलांच्या शिंगांना रंग, गाडीला केळीचे खुंट, पुढं हलगी. शेवटची मोळी गव्हाणीत पडली, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्यावर, की नारळ फुटतो, गुलाल उधळतात आणि भोंगा लांबच लांब वाजतो. कॉलनीतली झाडून सगळी माणसं नवे कपडे घालून बघायला गेली. काकू बोलवायला आल्या तर मी डोकं दुखतंय म्हणाले. हलगी ऐकू येत होती. मी डब्यासमोर मांडी घालून बसले, सेलच्या वायरी हातात. हात घामानं निसरडे झाले होते, ते मी फ्रॉकला पुसले. भोंगा सुरू झाला. मी जोडलं. मग लाईटीची वायर सोडली.

पंखा फिरत फिरत थांबला. आणि मग कारखान्याची ती घरघर, जी इतके महिने ऐकूच येत नव्हती, ती थांबल्याचं मला ऐकू आलं. आमचं भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं हे मला त्या दिवशी कळलं. लाल ठिपका जळत होता. बोर्डाची लाईट येईपर्यंत मी त्याच्यावरून नजर काढली नाही. आली तेव्हा टीव्ही लावला. गडी होडीशेजारी उभा होता, नागमोडी रेघा हलत होत्या. माझा जीव भांड्यात पडला. पप्पा आले ते कपाळभर गुलाल घेऊन. त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि ते हात धुवायला गेले. न्हाणीतून त्यांच्या गुणगुणण्याचा आवाज आला, तसा मी त्याआधी ऐकला नव्हता.

रविवारी चर्चमधली भक्ती झाल्यावर आईचा फोन पाळकसाहेबांच्या घरी यायचा, खऱ्या पाळकसाहेबांच्या. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून वाट बघायचो. एप्रिलातल्या एका रविवारी आधी पप्पा आत गेले. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. "बरं." मग बराच वेळ काही नाही. "व्हय. बरं. तुला जमंल तसं." मग मला बोलावलं. आई म्हणाली, काँट्रॅक्ट वाढवून देत आहेत, पगारही वाढतोय, घराचं काम त्यामुळं स्लॅबपर्यंत जाईल, आणि "मी हो म्हटलंय गं." मग केसांना तेल लाव म्हणाली, दहावीचं वर्ष आहे म्हणाली. गड्याविषयी एक शब्द नाही. मी थांबले होते, ती विचारेल म्हणून. फोन ठेवल्यावर मला कळून चुकलं की ती विसरली. दवाखान्यात शंभर कामं असताना समुद्रावर उभा केलेला गडी कुणाच्या ध्यानात राहणार? तिचा राग आला, आणि राग येतोय याची लाज वाटली. परतताना सायकलच्या कॅरिअरवर बसून मी पप्पांच्या पाठीला डोकं टेकवलं. एवढी मोठी मुलगी, लोक बघत होते, पण टेकवलं.

उन्हाळ्यात बोर्डाची लाईट रोज जायची, कधी दुपारी, कधी सकाळपासून. केव्हा जाईल सांगता येत नसे, म्हणून सेल कायम जोडूनच ठेवावे लागायचे आणि ते भराभर उतरायचे. उतरलेले सेल मी खिडकीत उन्हात ठेवायची, त्यानं थोडा जीव धरतात म्हणतात. खिडकी भरली, मग परसातला कट्टा भरला. काकू म्हणाल्या, "एवढ्या सेलांत माजा जलम गेला असता." पप्पा मात्र न सांगता नवे आणायचे. मेमधल्या एका दुपारी ते ड्यूटीवरून आले, उन्हानं चेहरा रापलेला, कट्ट्यावरचे सेल एकवार बघितले आणि घरात पाऊलही न टाकता तशीच सायकल वळवली. पाणीसुद्धा प्याले नाहीत. मी दारात उभी राहून बघत होते. आई यायची तेव्हा यायची होती, पण हा माणूस तोवर असाच उन्हातान्हात कोल्हारला जाऊन सेल आणत राहिला असता, मी एकदाही बस म्हटलं नसतं तर. आणि त्यानं एकदाही विचारलं नसतं, कशासाठी.

ते परत आले तेव्हा मी त्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि म्हटलं, "पप्पा, बसा इथं. खाटेवर नाही, खाली."

ते खाली बसले. मी टीव्ही लावला, गड्याला नावाड्यासमोर उभं केलं. नावाड्यानं त्याचा प्रश्न विचारला. वर एक शब्द, खाली एक शब्द. मी वरचा दाबला.

"काय म्हटलंस?" पप्पांनी विचारलं.

"हो म्हटलं."

होडी हलली. नुसत्या नागमोडी रेघाच रेघा, मग पलीकडे कधी न पाहिलेली जमीन, कधी न पाहिलेली गावं. मी रिमोट त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "कुठं नेऊ?" मी म्हटलं, "तुम्हाला वाटेल तिकडं. कोण अडवतंय?" पहिल्याच गावात त्यांनी एका म्हाताऱ्यासमोर गड्याला थांबवलं, घसा खाकरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे म्हातारं म्हणतंय, आमच्या गावात लई दिवसांनी पाव्हणा आला, शेंगोळे खाऊनच जा." त्यांच्या तोंडून असलं काही निघेल हे मला स्वप्नातही आलं नसतं. मी हसता हसता रडायला लागले आणि ते पुढच्या माणसाकडे गेले.

उन्हं उतरताना लाईट गेली. सेल जोडलेलेच होते, पण जुने. नवे पिशवीत होते, दाराशी, हाताच्या अंतरावर. टीव्ही काळा झाला होता आणि डब्यावरचा लाल ठिपका तेवढा मंद जळत होता. मी पप्पांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दोघंही उठलो नाही. ठिपका हळूहळू फिका झाला आणि मग होता की नव्हता तेही कळेना. पप्पा म्हणाले, "हुलग्याचं पीठ संपलंय. पिठलं टाकतेस का?" मी पिठलं टाकलं, त्यांनी कांदा फोडला, आणि जेवताना त्यांनी मला तिसगावच्या त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, आधी अडखळत आणि मग न थांबता.

आई आली तेव्हा मी कॉलेजात होते. बेलापूरचं घर उभं राहिलं होतं, पप्पांचे केस पांढरे झाले होते. आम्ही दोघं एव्हाना इतके बोलत असू की आईला मध्ये शिरायला जागा मिळत नसे, आणि तिला ते जाणवत होतं. एका संध्याकाळी ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती, पप्पा पेपर वाचत होते, मी पायरीवर. मध्येच तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"एस्तू, त्या गड्याचं पुढं काय झालं गं? समुद्रावर उभा केला होता तो. मी रोज ड्यूटीवर जाताना तिथला समुद्र बघायचे आणि म्हणायचे, माझा गडी उभा असेल."

फोनवर का नाही विचारलंस, असं विचारावंसं वाटलं, पण मला उत्तर माहीत होतं. मीही तिला कधी सांगितलं नव्हतं.

पप्पांनी पेपर खाली केला. "लई दिवस थांबला हुता तुजी वाट बघत," ते म्हणाले. "मग गेला होडीत बसून."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "एकटाच?"

"न्हाई. आमी दोघं हुतो की बरुबर."

आईनं मान हलवली, जुडी पुन्हा मांडीवर घेतली आणि एक एक पान खुडत राहिली. अंधारून आलं तरी आमच्यापैकी कुणी दिवा लावायला उठलं नाही.